पहिल्या जॅझ जॅमला जाताना: आधी साथ, मग सोलो

जॅझ शिकायचं ठरवलं की बरेच जण सोलो, म्हणजे एकट्यानं पुढं येऊन वाजवायचे तुकडे, पाठ करायला लागतात. एखाद्या मोठ्या सॅक्सोफोनवादकाचा तुकडा यूट्यूबवरून उतरवतात, महिनाभर घासतात आणि जॅममध्ये, म्हणजे जमून आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकीत, जसाच्या तसा वाजवतात. तुकडा संपला की पुढं काय करायचं ते सुचत नाही, कारण बेस कुठल्या बारवर (मात्रांच्या कुठल्या गटावर) आहे, ड्रमर काय देतोय, याकडं कान गेलेलाच नसतो. माझं सांगणं असं आहे की जॅममध्ये पहिली शिकायची ती साथ. दुसऱ्याच्या सोलोखाली फॉर्म, म्हणजे धुनेचं ठरलेलं चक्र, धरून बसता येतो त्याला स्वतःचा सोलो फार दूर नसतो.

मी बेस गिटार वाजवतो. दिवसा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मशिनी थांबल्या की वरच्या माळ्यावर आमचा जॅम बसतो. एरवी ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक ड्रमर, कीबोर्डवर एक प्राध्यापिका, गिटारवाली दोन पोरं आणि बँड पथकात उभं आयुष्य क्लॅरनेट वाजवलेले एक काका, असा गोतावळा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मिंटन्स प्लेहाऊसमध्ये १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असेच वादक पोटापाण्याचं वाजवून झालं की रात्री जमायचे. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रमवर केनी क्लार्क. बीबॉप ही जॅझची शैली घडली त्यात त्या रात्रींचा मोठा वाटा आहे.

कोल्हापुरात जॅझ वाजवणारी माणसं कुठं मिळायची, असं विचारतात. जॅझ वाजवणारी शोधू नका, वाजवणारी शोधा. ट्रम्पेट, क्लॅरनेट, सॅक्सोफोन हे जॅझचे कणे, आणि ते आपल्याकडं बँड पथकांत पिढ्यान्पिढ्या वाजतायत. ऑर्केस्ट्रातला ड्रमर कुठलीही लय पाच मिनिटांत धरतो. चर्चमध्ये वाजवणाऱ्या मुलांना कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गट, पक्क्या येतात. फक्त हंगाम बघा. लग्नसराईत आणि गणपतीत ही मंडळी हाताला लागत नाहीत. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबले की ती मोकळी होतात, म्हणून नवा जॅम आषाढ-श्रावणात सुरू करावा. त्या दिवसांत आमच्या पत्र्यावर पाऊस असा काही वाजतो की हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही. तेव्हा सगळ्यांनी आवाज वाढवायचा नाही, खुर्च्या जवळ ओढायच्या.

फॉर्म कसा धरायचा

जॅमचा साचा ठरलेला असतो. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, तिला हेड म्हणतात. मग त्याच कॉर्डच्या चक्रावर एकेक जण सोलो घेतो. चक्राचा एक फेरा म्हणजे एक कोरस. सोलो झाले की बरेचदा ड्रमरबरोबर चार-चार बारांची देवाणघेवाण, आणि शेवटी परत हेड. हे चक्र मधे कधीही थांबत नाही आणि त्याची लांबीही बदलत नाही. सोलो वाजवणारा कितीही भटकला तरी खाली चक्र चालूच.

सुरुवात बारा बारांच्या ब्लूजने करा. बारा म्हटल्यावर एकताल डोक्यात आणू नका. एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. तीनतालाची तीन आवर्तनं झाली. एफमधला साधा ब्लूज असा लिहितात, एका ओळीत एक आवर्तन:

एफ सेव्हन | बी फ्लॅट सेव्हन | एफ सेव्हन | एफ सेव्हन
बी फ्लॅट सेव्हन | बी फ्लॅट सेव्हन | एफ सेव्हन | एफ सेव्हन
सी सेव्हन | बी फ्लॅट सेव्हन | एफ सेव्हन | सी सेव्हन

पहिली ओळ घरातून, म्हणजे मूळ एफवरून निघते, दुसरी मध्यमावरून, तिसरी पंचमावरून. शेवटचा सी सेव्हन परत घराकडं ढकलतो. तीनतालात वाढलेल्या माणसाला सोळा मात्रा मोजायला लागत नाहीत. नवं एवढंच की इथं तिन्ही आवर्तनं सारखी नाहीत. सम आली हे कळणं पुरत नाही, ती पहिल्या ओळीची की तिसऱ्या, हेही कळावं लागतं. आपल्या गावात याची जमीन तयार आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिले आणि आवर्तनाच्या बांधणीला इतकं जपणारी जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली. १८८३ सालच्या देवल क्लब या संगीत संस्थेत आजही मैफलीत लोक मांडीवर बोटं मोजत बसलेले दिसतात. तेच बोट मोजणं जॅझ ऐकताना करा.

सरावासाठी वाद्य बाजूला ठेवा. एखाद्या ब्लूजचं ध्वनिमुद्रण लावा आणि बार मोजा: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं बारापर्यंत. दुसऱ्या दिवशी मोजणी मनातल्या मनात, आणि घरातल्या कुणाला तरी मधेच 'कुठं?' असं विचारायला सांगा. 'सातवा बार' हे उत्तर न अडखळता आलं की मग वाद्य हातात घ्या. गिटार न उचलता केलेला हा सराव पोरांना कंटाळवाणा वाटतो. पण जॅममध्ये हरवणारे जवळजवळ सगळे इथंच हरवतात, सुरात नाही.

लयीचं थोडक्यात. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमरच्या डाव्या पायाखालचं हाय-हॅट (झांजांची जोडी) तिथंच मिटतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर ठेवा आणि त्याचा प्रत्येक ठोका दोन आणि चार समजा, म्हणजे लय १२० ची झाली. एक आणि तीन तुमच्या पोटात. स्विंग म्हणजे मात्रेचे तीन भाग, पहिले दोन जोडून लांब सूर आणि तिसऱ्यावर छोटा, असं पुस्तकात सांगतात. मध्यम लयीत ते चालतं, पण लय वाढली की दोन्ही सूर सारखे होत जातात. त्यामुळं गणित सोडा आणि काउंट बेसीच्या बँडमधली जुनी साथ ऐका: गिटारवर फ्रेडी ग्रीन, बेसवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स. फ्रेडी ग्रीन दर मात्रेला एक कॉर्ड देतो, एवढंच. तो नसता तर काय झालं असतं, असा विचार करत ऐका.

पांढरी चार

कुणी 'ब्लूज इन एफ' म्हणालं की पेटीच्या भाषेत ती पांढरी चार. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. आमच्या क्लॅरनेटवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एफ-बीफ ऱ्हाऊ दे, पांढरी चार म्हण की सरळ." तेव्हापासून आमच्याकडं दोन्ही नावं एका दमात घेतात. जॅममध्ये एफ आणि बी फ्लॅट सारखे येतात कारण ते फुंकवाद्यांना सोयीचे आहेत. ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन आणि नेहमीचं क्लॅरनेट ही बी फ्लॅटची वाद्यं. पियानोवर एफ वाजतो तेव्हा त्यांच्या बोटांना तो जी असतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याला तोच डी होतो. म्हणून पट्टी सांगताना 'कॉन्सर्ट एफ' म्हणायचं, आणि बाकीच्यांनी आपापलं बदलून घ्यायचं.

गाणाऱ्यांचा सा ठरलेला असतो, इथं तो धुनेगणिक बदलतो. याला रोज दहा मिनिटं द्या: एकच छोटी धून पांढरी एक, पांढरी चार, काळी पाच आणि काळी दोन या चार पट्ट्यांत.

दोन बोटांत ब्लूज

जॅमबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर ही सांगेन.

पांढरी चार सा धरा. एफ सेव्हन ही कॉर्ड म्हणजे सा, ग, प आणि कोमल नी. सा बेसकडं असतो, पंचम नसला तरी कुणाला कळत नाही. राहिले ग आणि कोमल नी. तेवढेच दोन सूर कीबोर्डवर दाबा. आता बी फ्लॅट सेव्हनवर जायचंय. त्या कॉर्डचे तसलेच दोन सूर आहेत ध आणि कोमल ग. बोटांकडं नीट बघा: ग अर्धा स्वर उतरून कोमल ग झाला, कोमल नी अर्धा स्वर उतरून ध झाला. हात उचलायचाच नाही, दोन्ही बोटं एकेक पट्टी खाली. परत एफवर येताना एकेक पट्टी वर. सी सेव्हनसाठी म आणि शुद्ध नी: आता कोमल नी वर जाऊन शुद्ध होतो आणि ग चढून म होतो, म्हणजे दोन्ही बोटं एफपासून एकेक पट्टी वर. एवढ्यात अख्खा ब्लूज बसतो.

हे दोन सूर नुसते सावकाश दाबत बारा बार फिरून या. सोलो नाही, धून नाही, तरी कॉर्ड बदलल्याचं स्वच्छ ऐकू येईल. आमच्या कीबोर्डवाल्या बाई पहिल्या संध्याकाळी दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड देत होत्या आणि माझा बेस त्याखाली गुदमरत होता. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्याची ही दोन बोटं ठेवली. गिटारवाला पोरगा वाजवता वाजवता मान वर करून बघायला लागला, कारण त्याला पहिल्यांदाच कळलं की पाचवा बार कुठं लागतो.

सोलोची गुरुकिल्लीही यातच आहे. शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेला उतरलात की मागं कुणीही नसताना ऐकणाऱ्याला कॉर्ड ऐकू येते. दोन गंधार आपल्या कानाला परके नाहीत, जोगमध्ये ते असतातच. मात्र जोगमध्ये ते रागाच्या चलनाप्रमाणे येतात, इथं कॉर्ड सांगेल तेव्हा. शिवाय एफ सेव्हनवर कोमल गंधाराचा कण घेऊन शुद्धवर चढणं हा ब्लूजचा खास लहेजा. गाणाऱ्याच्या, क्लॅरनेटवाल्याच्या गळ्यात-ओठांत ही मींड आधीच असते. पेटी-कीबोर्डवाल्यांनी कणावर भागवावं.

बेसवाल्यांसाठी दोन ओळी. वॉकिंग बेस म्हणजे दर मात्रेला एक सूर. पहिल्या मात्रेला कॉर्डचा मूळ सूर आणि चौथ्या मात्रेला पुढच्या मूळ सुराच्या अगदी शेजारची पट्टी. एफवरून बी फ्लॅटला जाताना पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात, आणि मग काळी पाच. शेवटची सात-ते-काळी-पाच ही अर्ध्या स्वराची घसरण सगळ्यांना सांगते की पुढचा बार आला. हे सुटलं तर बाकीचे कितीही चांगले असले तरी जॅम हलतो.

गिटार आणि कीबोर्ड दोन्ही असतील तर एका वेळी एकानेच कॉर्ड द्यावी. दुसऱ्याने हात बांधून बसावं किंवा फ्रेडी ग्रीनसारखं अगदी हळू, दर मात्रेला. कुणाच्या सोलोला कोण साथ करणार हे आधी ठरवा. कॉर्ड सतत द्यायची नसते. सोलो वाजवणारा श्वास घेतो तिथं द्यायची.

पहिली धून, पहिला सोलो

पहिली धून म्हणून ड्यूक एलिंग्टनचा 'सी जॅम ब्लूज' घ्या. पांढरी एक सा धरला तर त्याच्या हेडमध्ये पंचम आणि सा हे दोनच सूर आहेत. दोन सुरांत सगळा जीव लयीचा, म्हणून नवख्या जमावाला यासारखी धून नाही. ती आली की मग हीच पांढरी चारवर नेऊन बघा.

पहिल्या कोरसमध्ये हेडच थोडं मोडून वाजवा. दुसऱ्यामध्ये तीन सूर: सा, ग, प, आणि ग हा कॉर्डप्रमाणे शुद्ध किंवा कोमल. दोन बार वाजवा, दोन बार गप्प राहा. मग तोच तुकडा परत, शेवट बदलून. दोन कोरस झाले की थांबा. लोक जास्त असतील तर प्रत्येकी दोनच ठीक, म्हणजे कुणी ताटकळत राहत नाही. सोलो संपवताना पुढच्या कोरसच्या पहिल्या मात्रेपर्यंत वाजवून तिथं सोडा आणि पुढच्याकडं बघा. अकराव्या बारात अर्धवट सोडलं तर दोन बार सगळेच अधांतरी.

गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं. आमचे काका लयीला आणि सुराला पक्के. पण मिरवणुकीत चालताना बँड थांबत नाही, म्हणून त्यांची फुंकही थांबायची नाही. दोन बार सोडा म्हटलं तर म्हणाले, "थांबलं की चुकल्यागत वाटतंय." मी म्हटलं, काका, एकदाच सोडून बघा, ड्रमरकडं कान ठेवा. त्यांनी पंचम-सा, पंचम-सा असा तुकडा टाकला आणि ओठ काढले. त्या रिकाम्या जागेत ड्रमरनं स्नेअरवर तोच तुकडा परत दिला, नुसत्या ठोक्यांत. काकांची भुवई वर गेली. पुढचा तुकडा त्यांनी मुद्दाम अर्धा ठेवला आणि उरलेला ड्रमरकडून वदवून घेतला. बाराव्या बारापर्यंत दोघांचं बोलणंच चाललं होतं. आम्ही बाकीच्यांनी आवाज निम्म्यावर आणला, कारण तेव्हा साथ म्हणजे तेवढंच करायचं होतं.

ब्लूजनंतर माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' घ्या. आपल्या लोकांना ते फार लवकर जमतं. ३२ बार: सोळा बार पांढरी दोनचा काफी (काफी थाटाचे सूर), आठ बार काळी दोनचा काफी, परत आठ बार पांढरी दोन. कॉर्ड पळत नाहीत, त्यामुळं सुरात रमता येतं. धोका मोजणीचा आहे. शेवटच्या आठानंतर नवा कोरस परत पांढरी दोनच्याच सोळांनी सुरू होतो, म्हणजे सलग चोवीस बार एकच काफी, आणि काळी दोनवर कधी चढायचं ते निसटतं. आठ बार म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं, तशीच मोजा.

तबलजी आला तर त्याला परत पाठवू नका. ड्रम आणि तबला एकाच वेळी भरून वाजले तर चिखल होतो, म्हणून हेडला आणि सोलोला ड्रम, आणि चार-चारांच्या देवाणघेवाणीत तबला. चार बार म्हणजे बरोबर एक तीनताल. सवाल-जवाब त्याच्या हातात असतोच. फक्त तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा तुकडा, सोळाव्या मात्रेनंतरच्या समेवर आणून ठेवायची, कारण तिथून दुसऱ्याची पाळी सुरू होते.

जॅममधले संकेत

वाजवताना बोलता येत नाही, म्हणून खुणा आहेत. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला की 'पुढच्या कोरसला हेड'. चार बोटं वर केली की चार-चार बारांची देवाणघेवाण. पट्टी सांगायला बोटं खाली म्हणजे फ्लॅट, वर म्हणजे शार्प: एक बोट खाली एफ, दोन खाली बी फ्लॅट, एक वर जी. धून संपवताना शेवटचे चार बार तीनदा घ्यायची पद्धत आहे, तिला टॅग म्हणतात. तिहाईची सवय असलेल्यांना हे सांगावंही लागत नाही.

धून सुचवणाऱ्याने नाव, पट्टी आणि लय तिन्ही सांगावं आणि लय त्यानंच मोजून द्यावी. दोन बार मोजा, सावकाश, आणि मनात हेड गुणगुणून मगच. धून येत नसेल तर 'ही मला येत नाही, ऐकतो' म्हणून बसून राहणं यात काही कमी नाही. मोबाईलवर कॉर्ड बघत वाजवणाऱ्याची मान खाली जाते आणि सगळ्या खुणा सुटतात, म्हणून एक धून तरी पूर्ण पाठ करून या. दुसऱ्याचा सोलो चालू असताना कोपऱ्यात आपला तुकडा पुटपुटत वाजवू नका. आणि ॲम्प्लिफायरचा आवाज असा ठेवा की बिनमाइकचं क्लॅरनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येईल. ते ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज मोठा आहे.

कुणी हरवलंच तर वाजवायचं थांबवून बेस ऐकावा. फेरा कुठं सुरू होतो ते बहुतेक वेळा बेसच्या चढ-उतारावरून कळतं. ब्लूजमध्ये पाचव्या बारची मध्यमावरची उडी सगळ्यात ठळक, तिथं परत शिरायचं.

संध्याकाळ मोबाईलवर मुद्रित करा. घरी ऐकताना स्वतःचे सूर तपासत बसू नका. कागदावर प्रत्येक कोरसला एक रेघ ओढा आणि फॉर्म कुठं हलला तिथं फुली मारा. आमच्या सुरुवातीच्या कागदांवर फुल्या तिसऱ्या ओळीजवळ दाटलेल्या असायच्या, नवव्या बारापाशी, कारण सी सेव्हनवर सगळेच जोरात येतात आणि लय पुढं धावते. तेवढा एकच बार पुढच्या वेळी मेट्रोनोमबरोबर सगळ्यांनी मिळून दहादा वाजवा.

दोन्ही धुना कागद न बघता सुटायला लागल्या की केनी डॉरमचा 'ब्लू बोसा' काढा. सोळा बार, पट्टी सी मायनर, आणि नवव्या ते बाराव्या बारात चक्र काळी एकवर जाऊन परत येतं. लय स्विंगची नाही, बोसा नोव्हा या ब्राझिली ढंगाची, त्यामुळं दोन-चारची टाळी इथं सोडायची. ड्रमरला हे आधी सांगून ठेवा.